त्सान्कोचं घड्याळ

शनिवार, रात्री उशिरा

'स्लावा' आज पुन्हा पाहिला. क्रिस्तिना ग्रोझेवा आणि पेतर व्हल्चानोव या दिग्दर्शक जोडीचा 2016चा बल्गेरियन सिनेमा. या खेपेला सगळं लक्ष नटांकडेच होतं.

रेल्वेचे रूळ तपासत, नट-बोल्ट आवळत फिरणारा त्सान्को. रुळांवर त्याला लाखो लेव्हच्या नोटा सापडतात आणि तो सरळ पोलिसांना कळवतो. भ्रष्टाचाराच्या बातम्यांनी बेजार झालेल्या परिवहन खात्याला असा प्रामाणिक माणूस हवाच असतो. सत्कार ठरतो, बक्षीस म्हणून नवं घड्याळ. त्याआधी जनसंपर्क प्रमुख युलिया त्याच्या मनगटावरचं जुनं घड्याळ काढून घेते आणि हरवून बसते. वडिलांनी दिलेलं, मागे अक्षरं कोरलेलं घड्याळ. नव्याची वेळ धड लागत नाही. त्सान्कोचं मागणं एवढंच, माझं मला परत द्या.

स्तेफान देनोल्युबोवने हा त्सान्को उभा केलाय. दाढी वाढलेली, केस विस्कटलेले, बोलताना अडखळणारा. शब्द घशात अडकला की आधी मान ताठ होते, डोळे खाली जातात, आणि तोवर समोरच्याने विषय बदललेला असतो. त्या अडखळण्यावर देनोल्युबोव कुठेही सहानुभूती मागत नाही. मला तर त्या वाट न पाहणाऱ्यांचाच संताप येत राहिला.

मार्गिता गोशेवाची युलिया दुष्ट नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मूल व्हावं म्हणून तिचे उपचार चालू आहेत, इंजेक्शनांच्या वेळा आहेत, फोन सतत वाजतोय. या धावपळीत एका माणसाचं घड्याळ तिच्या लेखी किरकोळ ठरतं.

याच जोडगोळीच्या 'उरोक'मध्ये (2014) गोशेवा कर्जात बुडालेली शिक्षिका होती आणि देनोल्युबोव तिला पिळणारा सावकार. इथे पारडं फिरलंय. तोच चेहरा तिथे अंगावर काटा आणतो, इथे जीव तुटतो त्याच्यासाठी. ताकदीचा नट म्हणतात तो हाच! 'स्लावा'त पत्रकार झालेला मिल्को लाझारोव तर स्वतः दिग्दर्शक, 'आगा' हा सिनेमा त्याचाच.

वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून सुचलेल्या या त्रयीतला तिसरा, 'ट्रायम्फ' (2024), अजून पाहायचाय. त्यातही गोशेवा आहे, सोबत मारिया बकालोवा. उद्या रविवार, दुपारी तोच लावणार.