सोयाबीन, हार्वेस्टर आणि कुटार

आज शिवारात हार्वेस्टर, म्हणजे कापणी-मळणी एकदमच करणारं यंत्र, फिरला. चार एकर दुपारपर्यंत मोकळं! पूर्वी बायकांची टोळी, एकराचं गुत्तं (ठेका), गंजी, ताडपत्री, मग मळणी. मध्येच पाऊस आला की शेंगांना कोंब. ती चिंता गेली, टोळीचा हंगामही गेला. पण कटर बुडाच्या शेंगा सोडतं. मळणीचा ड्रम जोरात फिरला की दाण्याची डाळ होते, धड दिसणाऱ्या दाण्याच्या सालीलाही चीर जाते. तो पेरला तर उगवत नाही. म्हणून जाणते शेतकरी बियाण्याचा पट्टा अजून विळ्यानेच कापतात, मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला 400 च्या आसपास ठेवतात. हमीभाव केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. कुटार, म्हणजे मळणीतून उरलेला, जनावरांना घालायचा भुसा, रानभर विखुरलंय. गोळा कोण करणार? निम्मे गोठे तर रिकामेच.