काळ्या रानात, मुरमात आणि जांभ्यात: लाकडी खांब रोवायची पद्धत कशी निवडावी

लाकडी खांब सगळीकडून सारखा कुजत नाही. चार-पाच वर्षांनी मोडलेला बाभळीचा खांब उपटून बघा. बुडाकडचं टोक बऱ्याचदा टणकच असतं, वरचा भाग खडखडीत असतो आणि जमिनीच्या पातळीपासून खाली ६-८ इंचांचा पट्टा मात्र नखानं खरवडला तरी सुटतो. कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोलवर हवा कमी, वर ओल कमी, आणि या पट्ट्यात दोन्ही भरपूर. वाळवीही इथूनच चढते. म्हणून खांब नुसता हलता कामा नये एवढं बघून भागत नाही. या पट्ट्यात पाणी थांबणार नाही अशी पद्धत निवडावी लागते.

आपल्याकडे मात्र खड्डा कुठलाही असो, सिमेंट ओतलं की काम पक्कं अशी समजूत आहे. लोखंडी अँगलला किंवा सिमेंटच्या खांबाला ते ठीक. लाकडाला बहुतेक ठिकाणी ते नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कारणं पुढे येतीलच, पण आधी जमीन बघू. कारण सातारा-सांगलीत तासाभराच्या अंतरात जमीन पूर्ण बदलते. कराड, वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णाकाठ खोल काळ्या मातीचा. माण, खटाव, आटपाडी, जत इथं वीतभर मातीखाली मुरूम. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे तांबडी माती आणि जांभा. पाऊस महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि माण-जतला पाचशेच्या आसपास. या सगळ्यांना एकच पद्धत चालेल कशी?

मुरमाड रान सगळ्यात सोपं, म्हणून पद्धतीचा सगळा तपशील तिथूनच सांगतो. साडेचार फूट उंचीच्या काटेरी तारेच्या कुंपणाला ७ फुटी, ४ इंच जाडीचा खांब घ्या. त्यातला सव्वादोन फूट जमिनीत जाईल. एकूण लांबीचा तिसरा हिस्सा गाडायचा हा ढोबळ नियम, आणि त्यात फार तर दोन-चार इंच कमी चालतात. खड्डा अडीच फूट खोल आणि १० इंच रुंद. यापेक्षा मोठा काढला तर काम सोपं होत नाही, उलट ठोकून भरायचा माल वाढतो. तळाला ३ इंच खडी टाकून ठोका, म्हणजे खांबाचं बूड पाण्यात बसणार नाही. बुंध्याकडचं जाड टोक खाली ठेवा. खांब दोन बाजूंनी ओळंब्यात धरा. एकाच बाजूनं बघून लावलेला खांब दुसऱ्या बाजूनं हमखास कललेला निघतो.

आता भरण. निघालेलाच मुरूम परत घाला, पण एका वेळी ४ इंचांचा थर. थर घातला की पहारीच्या बोथट टोकानं खांबाभोवती गोल फिरत ठोका. थर ३ इंचांवर आला आणि आवाज बद्द न येता टणक यायला लागला की पुढचा थर. मुरूम अगदी कोरडा असेल तर हलकं पाणी शिंपडा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली की फुटावा, एवढीच ओल हवी. तारेचा ताण आला की खांब जमिनीत साधारण दोन तृतीयांश खोलीवरच्या बिंदूभोवती फिरायला बघतो. त्याला अडवतात ते तळाचे दोन-तीन थर आणि वरचे दोन-तीन थर. मजूर दमतात ते नेमके शेवटी, आणि वरचे थर पायानंच दाबून सोडतात. तिथं उभं राहून ठोकून घ्या. काम नीट झालंय की नाही याची एक चांगली खूण आहे. खांबानं जागा अडवूनही खड्ड्यातनं निघालेला माल जवळजवळ सगळा परत आत बसला पाहिजे. दोन घमेली माल बाहेर उरला असेल तर ठोकणं कमी पडलंय.

शेवटी खांबाभोवती जमिनीपेक्षा ३ इंच उंच, बाहेरच्या बाजूला उताराची भर घाला. पहिल्या पावसानंतर ती बसते, तेव्हा पुन्हा घालून ठोका.

काळ्या रानात हेच करायला गेलं की फसतं. तळाला आणि बाजूला खडी भरली तर भोवतालची चिकण माती पाणी झिरपू देत नाही, मग खडीच्या पोकळीत पावसाचं पाणी साठून खांबाभोवती विहीरच तयार होते. खडी म्हणजे निचरा हे मुरमात खरं, काळ्या मातीत नाही. दुसरी गोष्ट, ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमधल्या भेगांत पहार उभी जाते, म्हणजे दोन फूट खोल खांब पूर्णपणे हलत्या मातीतच उभा असतो. सिमेंट ओतलं तर खड्डा बहुधा वरच्या तोंडाशी रुंद झालेला असतो. त्या रुंद कडेला फुगणारी माती खालून उचलते आणि उन्हाळ्यात गोळ्याभोवती फट पडते. मग सिमेंटच्या गोळ्यासकट खांब डुलायला लागतो.

तिथं खांब ८ फुटी घ्या आणि पावणेतीन फूट गाडा. खड्डा जमेल तितका अरुंद, ८-९ इंच. यंत्रानं भोक पाडलं असेल आणि माती ओलसर असेल तर भोकाच्या भिंती चोपून गुळगुळीत होतात, त्या पहारीनं खरवडून घ्या. भरायला बाहेरून मुरूम आणा आणि वरचे ६ इंच मात्र काळ्या मातीनंच, उतार देऊन, ठोकून बंद करा, म्हणजे वरचं पाणी आत शिरत नाही. हिशोब असा: चौकोनी एक एकराला साधारण ८३५ फूट कुंपण लागतं. ८ फुटांवर खांब धरला तर १०४-१०५ खांब. अशा खांबाला सुटा मुरूम एक घनफूट धरा, म्हणजे एकराला एक ब्रास (१०० घनफूट) आणि वर थोडा.

वेळ वाफशाची. दिवाळीच्या मागेपुढे पाऊस उघडल्यावर माती पायाला चिकटत नाही आणि ढेकूळही होत नाही, तेव्हा ती उत्तम ठोकली जाते. मे महिन्यात भेगाळलेल्या रानात रोवलेल्या खांबाचा भराव भेगांत निसटतो आणि जूनमध्ये सगळं ढिलं होतं. नाइलाजानं मेमध्येच काम काढलं तर दोन चांगले पाऊस झाल्यावर वाफशाला प्रत्येक खांब पुन्हा ठोकायचा, हे धरूनच चाला.

काळ्या मातीत मला सगळ्यात पटणारी पद्धत मात्र खड्डा न काढता खांब ठोकून बसवायची. भोवतालची माती हललेलीच नसते, त्यामुळे पकड पहिल्या दिवसापासून. तीन-साडेतीन इंची, सरळ खांबाचं बारीक टोक ७-८ इंच तासून निमुळतं करा. खड्ड्यात जाड टोक खाली आणि ठोकताना बारीक टोक खाली, हा फरक लक्षात ठेवा. पहारीनं आधी दीड फूट वाट करा. घणानं मारू नका, डोकं चिरतं आणि त्या चिरेतून पाणी उतरतं. ५ इंची लोखंडी पाइपचा अडीच फुटांचा तुकडा, वरचं तोंड प्लेटनं बंद, दोन बाजूंना मुठी, वजन १२-१५ किलो, असं ठोकणं कुठलाही वेल्डर करून देतो. ते खांबावर चढवायचं, उचलायचं आणि सोडायचं. दोन माणसं आळीपाळीनं लागली तर खड्डा काढून भरण्यापेक्षा काम बरंच लवकर होतं. ५-६ इंची खांबाला हे जमत नाही आणि दगड लागला की खांब तिरका जातो, एवढी याची मर्यादा.

कृष्णाकाठच्या क्षारपड रानात जिथं पाणी दोन-तीन फुटांवरच आहे, तिथं लाकूड जमिनीच्या तोंडाशी फार लवकर जातं. तिथं लाकडी खांब थेट मातीत रोवूच नये. त्याची सोय शेवटी सांगतो.

पाटण-जावळीच्या बाजूला पाऊस प्रचंड, पण जांभा आणि तांबडी माती पाणी खाली सोडते. तिथं खांबाभोवती क्रशरची टोकदार खडी, २० आणि १० मिलिमीटर मिसळून, थराथरानं ठोकून भरणं सर्वांत चांगलं. नदीतले गोल गोटे घालू नका, ते एकमेकांत अडकत नाहीत. उतारावर वरच्या बाजूनं वीतभर खोल चर काढून वाहतं पाणी खांबापासून वळवा. फूटभरावर कातळ लागला तर पहारीनं किंवा ड्रिलनं खळगा करून खांब दगडाच्या पाचरांनी आवळा आणि तिथं काँक्रीट वापरा. कोयना-चांदोली लगतच्या गावांत गव्यासाठी कुंपण करत असाल तर लाकडी खांबावर विसंबू नका. तो गव्याच्या रेट्यापुढे टिकत नाही.

काँक्रीट लागतंच अशा जागा म्हणजे कातळातले खळगे, भरावाची भुसभुशीत जमीन आणि फाटकाचे खांब. तेव्हाही खालून पेला करू नका. तळाला ६ इंच खडी, त्यावर खांब टेकलेला, आणि काँक्रीट फक्त त्याच्या बाजूंनी. खालून काँक्रीट बंद झालं की लाकूड आकसल्यावर पडलेल्या फटीतून उतरलेलं पाणी कायम आतच राहतं. वरचं तोंड जमिनीच्या २ इंच वर काढून चारी बाजूंना उतार द्या. १२ इंच रुंद आणि २ फूट खोल खड्ड्याला १:३:६ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात साडेसहा किलो सिमेंट लागतं, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात सात-साडेसात खांब. सुका माल खड्ड्यात टाकून वरून बादली ओतायची पद्धत टाळा. वर लापशी आणि खाली कोरडी वाळू राहते. सात दिवस पाणी मारा आणि तोवर तार ओढू नका. पहिला उन्हाळा गेला की लाकूड आणि काँक्रीटमध्ये दोऱ्याएवढी फट दिसेल. पावसाआधी ती गरम डांबरानं बुजवा, आणि पुढे दरवर्षी बघत जा.

फाटकाचा खांब किमान ६ इंची आणि साडेतीन फूट खोल. ट्रॉली वळून आत यायची असेल तर वाट १२ फूट ठेवा. एवढ्या रुंद फाटकाचं वजन बिजागरीच्या खांबाला सतत आत ओढतं, म्हणून तो शेजारच्या खांबाला आडव्या वाशानं जोडून घ्या.

कोपऱ्यावर बहुतेक कुंपणं हरतात. तारेचा सगळा ताण तिथं येतो. आपल्याकडे तिरका टेकू देतात, पण तो आखूड आणि उभट असला तर तार ताणली की कोपऱ्याचा खांबच वर उचलला जातो. टेकू द्यायचाच तर ज्या दिशेला तार जाते त्या बाजूला, जमिनीशी ४५ अंशांपेक्षा कमी कोनात, आणि त्याच्या पायाखाली चपटा दगड. त्याहून भक्कम म्हणजे कोपऱ्यापासून ८ फुटांवर दुसरा तसाच जाड खांब, दोन्हींच्या माथ्याजवळ आडवा वासा, आणि कोपऱ्याच्या खांबाच्या पायापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत तिरकी दुहेरी तार, मध्ये दांडकं घालून पीळ देऊन आवळलेली. तिरकी तार उलटी बांधली, म्हणजे कोपऱ्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या पायाकडे, तर तिचा काहीच उपयोग नाही. ही चूक फार ठिकाणी दिसते.

लाकूड निवडताना कापलेलं तोंड बघा. बाहेरचं पांढरट लाकूड लवकर किडतं, आतलं गडद लाकूड टिकतं. बाभूळ, खैर, साग यांचा खांब गडद भाग जास्त असेल तरच घ्या. निलगिरी आणि सुबाभळीच्या कोवळ्या खांबात पांढरा भागच जास्त असतो, प्रक्रिया केल्याशिवाय ते मातीत घालू नयेत. बांबू तर बिनप्रक्रियेचा एक-दोन पावसाळेच. (स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी तोडण्याआधी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते का ते बघा.) साल पूर्ण काढा, तिच्याखालीच किडा वाढतो. मग आडोशाला, जमिनीपासून उचलून, काही महिने वाळवा.

बूड जाळून काळं करायची जुनी रीत आहे, पण तिनं वरचा पापुद्राच जळतो आणि वाळताना पडलेल्या चिरांतून बुरशी आत जाते. जळकं ऑईल आत मुरत नाही, माती मात्र खराब करतं. ओल्या लाकडाला डांबर फासणं सगळ्यात वाईट, ओल आत कोंडली जाते. बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया छताखाली चांगली, पण मातीत ती पावसानं धुऊन जाते. मातीसाठी दाबाखाली तांबं-क्रोम-आर्सेनिक मुरवलेला खांबच खरा टिकाऊ. तो कापला तर कापलेलं तोंड वर ठेवा, आणि त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात कधीही घालू नका, राखेत आणि धुरात आर्सेनिक येतं. त्याला जस्त चढवलेलेच खिळे आणि यू क्लिपा मारा, साध्या लोखंडाला त्यातलं तांबं खातं.

क्षारपड रानासाठी, आणि बुडाशी कुजलेला पण वर धडधाकट असलेला खांब वाचवण्यासाठी, एकच उपाय. सिमेंटचा ४ × ४ इंची, साडेतीन फुटी ठोकळा सळया घालून ओतून घ्या आणि ओततानाच १२ मिलिमीटरच्या बोल्टची दोन भोकं ठेवा, एकमेकांपासून ८ इंचांवर. क्षारपड जागी त्याला सळयांवर दीड इंच काँक्रीटचं आवरण ठेवा, नाहीतर क्षारानं सळई गंजून ठोकळा फुटतो. दोन फूट गाडा, दीड फूट वर. लाकडी खांब त्याला बोल्टनं आवळायचा आणि त्याचं खालचं टोक जमिनीपासून २ इंच वर ठेवायचं. बोल्टखाली मोठे वॉशर घाला, आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर नट पुन्हा आवळून घ्या.