आमची वाटचाल : एक विमान, तीन हंगाम

मुंबईहून गोव्याला सुट्टीसाठी निघालेल्या माणसाने सांताक्रूझच्या गर्दीत तास घालवण्याऐवजी सरळ जुहूच्या छोट्या विमानतळावरून उडावे, एवढ्या एकाच कल्पनेवर आम्ही २००६ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनी सुरू केली. सेसना कॅरव्हॅन हे एका इंजिनाचे छोटे विमान, नऊ आसने, पीटी-६ जातीचे टर्बाइन इंजिन, आणि तेही सारे भाड्याचे. नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे ठरावीक वेळापत्रकाविना विमान चालवण्याचा, परवाना एका विमानावरही मिळतो. त्यावर एकेक आसन विकता येते, मात्र वेळापत्रक जाहीर करता येत नाही, हे या धंद्यातल्या मंडळींना मी सांगायला नको. त्यामुळे आमची सारी विक्री फोनवर आणि ओळखीवर चालत असे.

पहिला हंगाम चांगला गेला, त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अडचण असलीच तर घड्याळाची होती. गोव्याचा दाबोळी विमानतळ नौदलाचा तळ असल्याने कामाच्या दिवशी सकाळी नागरी विमानांना तेथे उतरता येत नसे, आणि जुहू सूर्यास्ताला बंद होई. या दोन दारांमध्ये दीड तासाचे उड्डाण बसवायचे, म्हणजे सोमवार ते शुक्रवार एकच पूर्ण फेरी. शनिवार-रविवारीच काय ते हात मोकळे होत.

वजनाच्या बाबतीत मात्र आम्ही कधी तडजोड केली नाही. कॅरव्हॅनचे उड्डाणवेळचे कमाल वजन ३,९६९ किलो; जुहूची धावपट्टी आखूड, त्यात मे महिन्याचा उष्मा. प्रत्येक प्रवाशाला आम्ही सामानासकट काट्यावर उभे करत असू. भगिनीवर्ग रुसे, पण लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा तक्ता, खरे निघे. अंदाजाने माणशी पंचाहत्तर किलो धरणाऱ्या नव्या मंडळींनी एकदा आपल्या प्रवाशांना खरोखर तोलून पाहावे.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्याच्यामुळे कंपनी जवळजवळ बुडाली होती. आमचे भागीदार परवानाधारक इंजिनिअर होते आणि कंपनीचे अर्धे भांडवल त्यांचेच होते. समुद्रालगत उडणाऱ्या टर्बाइनच्या पोटात खारी हवा जाते. म्हणून दिवसाचे शेवटचे उड्डाण संपले की स्टेनलेस स्टीलच्या दाबटाकीतून शुद्ध पाणी सोडून, प्रज्वलन बंद ठेवून, स्टार्टरवर इंजिन फिरवत कॉम्प्रेसर (हवा आत ओढून दाबणारा इंजिनाचा पुढचा भाग) धुवायचा, हा त्यांचा नित्यनेम होता. स्टार्टर तीस सेकंदांहून अधिक फिरवायचा नाही, मग थांबायचे, पुन्हा फिरवायचे. घाई चालत नाही. दुसऱ्या हंगामात संध्याकाळची वेळ वाचवण्यासाठी हा वॉश आठवड्यातून एकदा करावा, असे मी ठरवले. भागीदारांनी वाद घातला नाही. रोजच्या नोंदवहीत तारखेसह ‘वॉश केला नाही, मालकांच्या सांगण्यावरून’ असे लिहीत राहिले.

डिसेंबर २००७ मध्ये, नाताळाच्या आठवड्याच्या तोंडावर, बोअरस्कोप, म्हणजे इंजिनाच्या आत डोकावण्याची दुर्बीण, लावल्यावर टर्बाइनच्या पात्यांवर सल्फिडेशनचे, म्हणजे खाऱ्या हवेने धातू गंजल्याचे, फोड दिसले. इंजिनाच्या तप्त भागाच्या, १,८०० तासांनी होणाऱ्या हॉट सेक्शन तपासणीला बराच अवकाश होता, तरी विमान जागीच उभे करावे लागले. हंगामातली सर्वांत महागडी आसने विकून झाली होती आणि पैसे इंधनात गेले होते. भाड्याचे इंजिन मागवले, ते कस्टम्समध्ये अडकले, आणि रोज सकाळी मी प्रवाशांना फोन करून क्षमा मागत असे. भागीदारांनी राहते घर गहाण ठेवून इंजिनाची अनामत भरली. ती नोंदवही मात्र त्यांनी माझ्यासमोर एकदाही उघडली नाही.

याच पंधरवड्यात आमच्या मार्गावर मोठी विमाने उडवणाऱ्या एका कंपनीने आमचे दोन्ही कॅप्टन नेले. तेव्हा देशात वैमानिकांची टंचाई होती आणि चांगला पगार कोणालाही हवाच असतो, हे मला मान्य आहे. परंतु विमान उभे असल्याची बातमी कळल्यावर चौथ्या दिवशी फोन यावा, आणि वर आमच्याच जुन्या प्रवाशांना ‘ती कंपनी बंद झाली’ असे सांगितले जावे, हे अजूनही मनातून जात नाही. इंजिन आले तेव्हा विमान तयार होते आणि उडवणारे कोणी नव्हते.

त्या दिवसांत एक निवृत्त डॉक्टर कार्यालयात आले. पहिल्या हंगामात ते पत्नीसह आमच्याबरोबर सात वेळा गेले होते, आणि दर वेळी डावीकडची मागची जोडी मागून घेत. त्यांनी पुढच्या पूर्ण हंगामाची आगाऊ रक्कम धनादेशाने दिली. पावती घेतली, चहा नाकारला. त्या रकमेतून नव्या कॅप्टनचा पहिला पगार झाला.

पुढचे थोडक्यात सांगतो. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले. ते उतरले तेव्हा मंदी आली, आणि २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर त्या हिवाळ्यात सुट्टीची आरक्षणे रद्द करणारेच फोन वाजत राहिले. नऊ आसनांपैकी चार भरली की आम्ही समाधान मानू लागलो. मे २००९ मध्ये विमान मालकाला परत केले. त्याआधीचे शेवटचे कित्येक महिने वॉश रोज झाला आणि इंजिन निर्दोष गेले, ही नोंदही त्याच वहीत आहे.

सर्वांची आगाऊ रक्कम परत केली. डॉक्टरांचा धनादेशही पाठवला. त्यांनी तो बँकेत भरलाच नाही. मुदत संपल्यावर दुसरा पाठवला, त्याचेही तेच झाले. कंपनी कागदोपत्री मिटवताना सनदी लेखापालांनी त्या एका देण्यावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारले, तेव्हा उत्तर माझ्या भागीदारांनी दिले.