गोंद्रे-नामुल-बाप : चार खेपांची नोंद

('बाप' म्हणजे कोरियन भाषेत शिजलेला भात. नामुल म्हणजे निवडून, उकडून, तेल-मीठ लावलेली पालेभाजी.)

गोंद्रे ही उटकटारीच्या कुळातली रानभाजी. दक्षिण कोरियातल्या गांगवॉन प्रांतात जोंगसन, प्योंगचांग, योंगवल या डोंगराळ भागांत ती मे महिन्यात कोवळी खुडतात आणि उकडून वाळवतात. जोंगसनचा बाजार महिन्याच्या 2, 7, 12, 17, 22, 27 तारखांना भरतो. वाळलेल्या गोंद्रेच्या जुड्या तिथलं ठरलेलं दृश्य. पूर्वी धान्य पुरत नसे तेव्हा मूठभर दाण्यांत हा पाला घालून भात वाढवत. ते जमायचं, कारण पाला ना कडू ना उग्र. रोज भरपूर खाल्ला तरी नकोसा होत नाही.

खेप 1. वाळलेला पाला 30 ग्रॅम, 2 तास भिजवला, 15 मिनिटं उकळला. देठ सुतळीसारखे राहिले. भातात शिजताना ते मऊ होतील हा हिशोब चुकीचा: भांड्यातलं पाणी तांदूळ आधी ओढून घेतो, देठाला उरते फक्त वाफ.

खेप 2. रात्रभर भिजवून 40 मिनिटं उकळला, आच बंद करून त्याच पाण्यात निवू दिला. हे निवणंच महत्त्वाचं. जाड देठ दोन बोटांत चिरडला की झालं. नाहीतर आणखी 10 मिनिटं. पण पाला नीट पिळला नाही, पाणी नेहमीचंच घातलं, भात गिच्च झाला.

खेप 3. उलटी चूक. पाला चोथा होईपर्यंत पिळला आणि तांदळाखाली अंथरला. तळाला पाला करपला, वर भात कोरडा.

खेप 4, जमलेली. आखूड दाण्याचा कोरियन तांदूळ 300 ग्रॅम, धुऊन 30 मिनिटं भिजवून निथळलेला. 30 ग्रॅम वाळलेला पाला खेप 2 सारखाच भिजवून-उकळून, पिळून सुमारे 190 ग्रॅम भरला: हातात ओलसर लागावा, थेंब गळू नये. 4 सेंमीचे तुकडे करून त्याला 1 मोठा चमचा पेरिलाचं तेल आणि 1 मोठा चमचा सूपचा सोयासॉस चोळून 10 मिनिटं ठेवला. हा सोयासॉस रंगाला फिका पण जास्त खारट असतो. साधा घातला तर भात काळपट दिसतो. जाड बुडाच्या भांड्यात तांदूळ, 320 मिली पाणी, वर पाला पसरून. ढवळायचं नाही. मोठ्या आचेवर उकळी, मग मंद आचेवर 13 मिनिटं, बंद करून 10 मिनिटं झाकण न उघडता. मग तळापासून हलक्या हाताने उलथायचं.

पेरिला म्हणजे उत्तराखंडातली भंगजीर. तिचं तेल लवकर खवट होतं, बाटली फ्रिजमध्येच. खवट तेलाने पाल्याचा मंद वास पार मरतो, आणि या भातात त्या वासाशिवाय आहे तरी काय!

कालवायला सॉस: सोयासॉस 3 मोठे चमचे, पाणी 1, पेरिलाचं तेल 1, भाजलेले तीळ 1, कोरियन तिखट 1 छोटा चमचा, ठेचलेला लसूण अर्धा छोटा चमचा. वसंतात त्यात दाल्ले, म्हणजे रानलसणीची कोवळी पात, 1 सेंमी चिरून. एरवी कांद्याची पात. सॉस आधी अर्धाच घालावा, पाला स्वतः खारवलेला असतो.

इंद्रायणी चालतो, चिकटपणा जवळपास येतो. मात्र त्याचा स्वतःचा सुवास गोंद्रेवर कुरघोडी करतो, म्हणून वाळलेला पाला 30 ऐवजी 40 ग्रॅम घ्यावा.

तळाची खरवड खरवडू नये. भात काढल्यावर भांड्यात गरम पाणी ओतून 5 मिनिटं झाकायचं. ती सुटते आणि जेवणाशेवटी पेज म्हणून प्यायली जाते. खेप 4 मध्ये खरवड फिकट राहिली. पुढच्या खेपेला शेवटची 2 मिनिटं आच किंचित वाढवून बघणार.