हसवणारे व्हिडिओ आणि इंग्रजीचे पाठांतर

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी जी मुले-मुली येतात, त्यांना गणितापेक्षा इंग्रजीचा धसका अधिक असतो. तलाठी भरतीच्या २०२३ सालच्या परीक्षेत २०० पैकी ५० गुण इंग्रजीला होते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ अशी वही काढून घोकंपट्टी करण्याची रीत जुनीच आहे. पण आता त्या वहीची जागा बहुतांशी मोबाईलमधील विनोदी व्हिडिओंनी घेतली आहे. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात यूट्यूबने आपले ‘शॉर्ट्स’ प्रथम भारतातच चाचणीसाठी आणले. तेव्हापासून अर्ध्या मिनिटात हसवणे आणि जमल्यास एखादा शब्द शिकवणे, हा प्रकार गावोगाव पोहोचला.

मुलांना आवडलेला एक वऱ्हाडी व्हिडिओ मी बारकाईने पाहिला. एसटीच्या थांब्यावर एक गृहस्थ दिसेल त्याला आपली गाऱ्हाणी ऐकवत बसलेले असतात: सुनेचे, पिकविम्याचे, गुडघ्याचे. एसटी येते, थांबते, निघून जाते, तरी त्यांचे तोंड चालूच. शेवटी पानठेलेवाला ओरडतो, “गाडी सुटली ना बाप्पा!” आणि पडद्यावर अक्षरे उमटतात: ‘गॅरलस’, म्हणजे बडबड्या. ‘गॅर’वरून ‘गाऱ्हाणी’ आठवायची आणि गाऱ्हाण्यांवरून तो माणूस, अशी ही साखळी आहे.

या युक्तीला थिल्लरपणा म्हणून हिणवणाऱ्या मंडळींशी माझे जमत नाही. परक्या शब्दाला आपल्या भाषेतील सारख्या उच्चाराचा शब्द जोडायचा आणि दोघांना एका चित्रात बांधायचे, या पद्धतीची मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ साली अमेरिकेत रीतसर चाचणी प्रसिद्ध केली होती. तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवल्यावर या पद्धतीने शिकलेल्यांना सुमारे ७२ टक्के शब्द आठवले, तर इतरांना ४६ टक्के.

अर्थात युक्तीला खोटही आहे. ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी, हे शिकवायला कुणीतरी खर्च टाळून फुगलेला खिसा दाखवला होता. आमच्या एका विद्यार्थ्याने सरावपरीक्षेत त्याचा अर्थ सरळ ‘फुगलेला’ असा लिहिला आणि वर तो ठामपणे वादही घालत होता. चित्र डोक्यात राहिले, पण त्याचे अर्थाशी असलेले नाते तुटले.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. रब्बीत रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून हरभरा राखण्यासाठी पोरे रात्री जागलीला जातात. मचाणावर बसून एकामागून एक व्हिडिओ सरकवत राहतात आणि त्याला ‘इंग्रजीचा अभ्यास’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी विचारले तर विनोद सगळे आठवतात, शब्द एखाददुसराच. स्टीफन श्मिट या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली विनोदी आणि साध्या वाक्यांच्या स्मरणावर प्रयोग प्रसिद्ध केले. साध्या वाक्यांत मिसळलेली विनोदी वाक्ये लोकांना अधिक आठवली. पण यादी सगळीच विनोदी केली, तेव्हा हा फायदा उरला नाही. शिवाय मिश्र यादीत विनोदी वाक्यांना जी जागा मिळाली, ती साध्या वाक्यांचे स्मरण कमी करून मिळाली होती.

हे वाचल्यापासून अभ्यासिकेत आम्ही विनोद उधळत नाही. आधी साधे शब्द वहीतून, वाक्यांसकट होतात. त्यांतला जो कितीही घोकला तरी निसटतो, त्यालाच व्हिडिओ मिळतो. जो सहज लक्षात राहतो, त्यावर हशा खर्च करण्यात अर्थ नाही. व्हिडिओ संपला की मोबाईल टेबलाच्या खणात जातो आणि प्रत्येकाने त्या शब्दाचे, गाऱ्हाणी सांगणाऱ्या त्या गृहस्थांना वगळून, स्वतःचे एक वाक्य करायचे असते. या अटीवर कुरकूर होते, कारण तयार विनोद वापरणे सोपे आणि साधे बरोबर वाक्य लिहिणे अवघड. काही दिवसांनी तोच शब्द पूर्वसूचना न देता पुन्हा विचारला जातो.

उच्चाराचे काम व्हिडिओवर सोडलेलेच नाही, कारण यमक जुळवण्याच्या नादात व्हिडिओ बनवणारे लोक स्वर बिनदिक्कत वाकवतात. त्यासाठी इंटरनेटशिवाय चालणारा बोलका शब्दकोश एका जुन्या मोबाईलमध्ये उतरवून ठेवला आहे. पावसाळ्यात इकडे रेंजचा काही भरवसा नसतो. सध्या मुली स्वतःच एक व्हिडिओ तयार करण्याच्या खटपटीत आहेत. ‘रिलक्टंट’ या शब्दासाठी, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली यायला राजी नसलेला बैल त्यांना हवा आहे, आणि गावातील प्रत्येक बैलमालक आपला बैल तसा नसल्याचे शपथेवर सांगतो आहे.