प्लॅटिनम प्रिंट : लेप, वाळवण आणि कागदातले पाणी

प्लॅटिनम प्रिंटमध्ये कागदावर लोह आणि प्लॅटिनमच्या क्षारांचा प्रकाशसंवेदी लेप देतात, तो वाळवून निगेटिव्हखाली प्रकाश देतात आणि प्रतिमा धातूची उमटते. या पावसाळ्यात माझे सारे लक्ष एकाच प्रश्नावर राहिले: लेप देताना आणि नंतर निगेटिव्हखाली ठेवताना कागदात किती पाणी असावे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलैत ती ८० च्या वर जाते. कागद, द्रावण आणि निगेटिव्ह तेच ठेवले तरी या दोन महिन्यांतले प्रिंट एकमेकांशेजारी शोभत नाहीत. प्लॅटिनम प्रिंटमध्ये जिलेटिनचा थर नसतो, धातू थेट कागदाच्या तंतूंत बसतो, त्यामुळे तंतू किती फुगलेले आहेत यावर लेप पृष्ठभागाशी राहणार की खोल मुरणार हे ठरते. खोल मुरलेला धातू डोळ्यांना पुरता दिसत नाही आणि काळे भाग राखाडी वाटतात.

सध्या मी ३१० ग्रॅमचा आर्श प्लॅटीन हा कागद वापरतो. ८ बाय १० इंची चित्रासाठी फेरिक ऑक्झलेट (प्रकाशाला प्रतिसाद देणारा लोहाचा क्षार) एक मिलिलिटर आणि प्लॅटिनम-पॅलेडियमचे मिश्रण एक मिलिलिटर पुरते. पृष्ठताण कमी करण्यासाठी त्यात ट्वीन-२० च्या सौम्य द्रावणाचा एक थेंब टाकतो. धातूची पट्टी नसलेला हाके ब्रश (रुंद, मऊ जपानी ब्रश) आधी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून नीट पिळून घ्यावा लागतो, कारण कोरडा ब्रश महागडे द्रावण स्वतःच पिऊन टाकतो. काचेच्या दांड्याला द्रावण कमी लागते आणि गुळगुळीत कागदावर तो उत्तम चालतो. पण उन्हाळ्यात, दांडा दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक सुकू लागते तेव्हा, मला ब्रशच अधिक भरवशाचा वाटतो. खोलीत साधा पिवळा टंगस्टन बल्ब चालतो, ट्यूबलाइट मात्र टाळावी. प्लॅटिनमच्या क्षारांची पूड श्वासात गेली तर दम्यासारखा विकार जडू शकतो, म्हणून हातमोजे आणि मुखपट्टी यांत मी कधीही सवलत घेत नाही.

लेप दिल्यावर कागद अंधारात आडवा ठेवतो आणि पृष्ठभागाची ओली चकाकी पूर्ण जाईपर्यंत त्याला हात लावत नाही. या काही मिनिटांत द्रावण तंतूंना धरते. घाई करून लगेच गरम हवा दिली तर विकसनाच्या वेळी काळे भाग पाण्यात सुटून येतात. त्यानंतर मागच्या बाजूने गार हवा आणि शेवटी अगदी कोमट हवा देतो. ४० अंशांच्या वर जाणे मी टाळतो, कारण उष्णतेने फेरिक ऑक्झलेटचे विघटन होऊन, एरवी प्रकाशाने व्हायला हवे ते फेरस लोह तयार होते आणि प्रकाश न लागलेल्या भागांवरही धुकट छटा चढते.

खरा बदल घडला तो यापुढच्या पायरीमुळे. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात तळाशी मॅग्नेशियम नायट्रेटचे संपृक्त द्रावण (आणखी क्षार विरघळणार नाही इतके दाट) आणि त्यावर जाळी ठेवली आहे. हे द्रावण बंद जागेतील आर्द्रता २५ अंशांना सुमारे ५३ टक्क्यांवर धरून ठेवते, मग बाहेर ऊन असो वा झड. द्रावणात न विरघळलेले स्फटिक कायम दिसत राहिले पाहिजेत, कारण ओलावा शोषला की ते विरघळतात आणि सारे संपले की डब्याचा ताबा सुटतो. कोरा कागद आदल्या रात्री आणि लेप वाळलेला कागद प्रकाश देण्यापूर्वी तासभर या डब्यात राहतो. मीठ वापरले तर हीच पातळी ७५ टक्के होते. पावसाळ्यात हवा या पातळीच्या वर गेली की बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने, आणि आमच्या स्वयंपाकघरात तसे झाले की आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर न पाहताही मी उघड्यावर लेप देत नाही.

हे पाणी किती असावे याबाबत मतभेद जुना आहे. विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीतला तयार कागद कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या बंद नळ्यांत कोरडा ठेवत, आणि प्रतिमा नंतर पोटॅशियम ऑक्झलेटमध्ये पुरी होई. उलट पिझिघेली यांनी १८८० च्या दशकात मांडलेल्या आणि शंभरेक वर्षांनी माइक वेअर व प्रदीप मालदे यांनी सुधारलेल्या अमोनियम पद्धतीत कागदातला ओलावाच प्रतिमा प्रकाशातच उमटवतो. मी विलिस यांच्या वाटेनेच जातो, तरी पूर्ण कोरडेपणा मला पटत नाही. मधल्या पातळीवर काळे भाग अधिक भरीव येतात. ओलाव्याने इंकजेट निगेटिव्ह चिकटू नये म्हणून मध्ये पातळ पॉलिएस्टर फिल्म घालतो.

एकवीस पायऱ्यांच्या स्टेप वेजवर (पायरीपायरीने गडद होत जाणाऱ्या चाचणी-पट्टीवर) फरक स्पष्ट दिसतो. डब्याविना काढलेल्या पावसाळी प्रिंटमध्ये सर्वांत गडद पायऱ्या एकमेकींत मिसळतात. डब्यातल्या कागदावर त्या वेगळ्या राहतात आणि उन्हाळ्यातल्या वेजशी जवळजवळ जुळतात. आता हेच सुती हातकागदावर करून पाहतो आहे. त्यात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ते लेपाला मारक ठरते, म्हणून आधी ऑक्झॅलिक आम्लाच्या दोन टक्के द्रावणात बुडबुडे उठायचे थांबेपर्यंत भिजवून, धुऊन, वाळवून घेतो. पहिल्या तावांवर टोन मऊ आणि सुंदर आला आहे, पण लगद्यातल्या लोहकणांमुळे काळे ठिपकेही पडले आहेत. ज्यांनी असे ठिपके कमी केले असतील त्यांनी कागद कसा निवडला हे जरूर कळवावे.