सात किलोची रजई

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी थेरपीच्या शिबिराला जाते. त्या दिवशी गर्दी नव्हती, कारण कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि अशा दिवसांत लोक ताप असला तरी शेतातच असतात. दुपारी एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मागून नवरा, डोक्यावर गाठोडं. त्यानं ते टेबलावर टाकलं आणि टेबल हललं. आत राखाडी रंगाची, मऊ पॉलिएस्टरची रजई होती. पुण्याला कंपनीत असलेल्या मामानं ऑनलाइन मागवून पाठवलेली. लेबलवर वजन छापलेलं: ७ किलो.

मुलगा माझ्या ओळखीचा. स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे; बोलत नाही. रात्री दोनपर्यंत घरात येरझारा घालायचा, पत्र्याच्या पेटीवर थापा मारायचा. घरातलं कोणीच झोपायचं नाही आणि आई सकाळी तशीच वेचणीला जायची.

“मॅडम, आता झोपते तो,” ती म्हणाली. “रातभर हालत नाही बिलकुल. जसा ठेवला तसाच सकाळी.”

तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी झोप झाल्याचं दिसत होतं, त्यामुळे लगेच काही बोलवेना. पण ‘जसा ठेवला तसाच’ माझ्या डोक्यात अडकलं. आठ वर्षांचं पोर झोपेत कूस बदलतं, पाय फेकतं, सकाळी उशीच्या जागी त्याचे पाय असतात. मी त्याला काट्यावर उभं केलं. २२ किलो. म्हणजे आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओझं तो रोज रात्री अंगावर घेत होता.

“इथंच घाला बरं, घरी घालता तशी.”

चटईवर तो निमूट आडवा झाला. आईनं गळ्यापर्यंत रजई ओढली, कडा दोन्ही बाजूंनी अंगाखाली खोचल्या. त्याला प्लॅस्टिकची झाकणं जमिनीवर गरगर फिरवायला फार आवडतात. हातभर अंतरावर मी त्याचं लाल झाकण फिरवून सोडलं. त्यानं मान वळवली. मनगटापर्यंत एक हात बाहेर आला, बोटं हलली. खांदा उचलायचा प्रयत्न केला, कड सुटली नाही. झाकण फिरून फिरून आडवं पडलं. तो रडला नाही, ओरडला नाही. परत आढ्याकडे बघायला लागला.

आईनंच झडप घालून रजई ओढली.

मग बराच वेळ आम्ही जमिनीवर बसून बोललो. वजनदार रजई हे काही थोतांड नाही, तेही सांगणं भाग होतं. अंगावर सगळीकडून सारखा, खोल दाब पडला की काही मुलांची घालमेल कमी होते. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत आणि पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. तरुणपणी सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गोठ्यावर त्यांनी गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा पाहिला. काही गुरं त्यात शांत होतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. त्यावरचा त्यांचा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला. या यंत्रातली महत्त्वाची गोष्ट अशी की दाब किती हवा आणि कधी सोडायचा, ते आत बसलेल्या माणसाच्याच हातात होतं.

“म्हणजे गुराच्या दवाखान्यातला खोडा,” बाप म्हणाला. “पन आमचा गोऱ्हा तं खोड्यात जास्तच नाचते जी.”

बरोबरच होतं त्याचं. सगळ्यांना दाब मानवत नाही. पोरांचंही तसंच, काहींना अंगावर चादरसुद्धा सहन होत नाही.

आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास रजई असावी, असा एक ठोकताळा आहे. पण माझ्या लेखी त्याहून मोठी कसोटी म्हणजे ती ज्याची त्याला बाजूला करता आली पाहिजे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये २००८ साली नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा शाळेत अशा वजनदार रजईत गुंडाळलेला असताना दगावला. हे मी त्या आईला सांगितलं नाही. झाकणाचं तिनं पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं. तुम्हाला सांगतेय, कारण ही रजई आता कोणीही फोनवरून मागवू शकतं आणि लेबलवर पोराचं वजन कोणी विचारत नाही.

नवी रजई तिथल्याच गादीवाल्या चाचांकडून शिवून घ्यायची ठरली. संध्याकाळी मीही दुकानात गेले, कारण मला हिशोब समजवायचा होता. प्रत्यक्षात चाचांनीच मला समजवला.

आत भरायचं काय? आई म्हणाली, ज्वारी. चाचांनी मान हलवली. “टोके लागतीन. अन् उंदीर घरात ठेवाचे का?” सरकी? तिला तेल सुटतं, वर उंदीर आहेतच. रेती धुऊन वाळवली तरी बारीक पूड शिवणीतून गळते, आणि ओली झाली की लवकर सुकत नाही. बाजारातल्या रजयांत बहुधा काचेचे बारीक मणी असतात, ते इथं कुठून आणणार? शेवटी चाचांनाच सुचलं: एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात प्लॅस्टिकचा दाणा येतो, तो. नवाच, वितळवून पुन्हा केलेला नको, असं मी बजावलं.

तीन फूट बाय चार फूट मांजरपाट, दुहेरी. त्याला आधी उभ्या नऊ नळ्या शिवल्या. प्रत्येक नळीच्या तळाशी मापून दाणा सोडायचा, वरून आडवी शीव मारायची, पुन्हा दाणा, पुन्हा शीव. चार-चार इंचांची १०८ घरं. असं केलं नाही तर सगळा भार एका कोपऱ्यात गोळा होतो. २२ किलोच्या पोराला २ किलो २०० ग्रॅम. त्यातले ४०० ग्रॅम कापडाचे धरले, उरले १,८०० ग्रॅम, म्हणजे घरामागे साधारण १७ ग्रॅम. गादीच्या काट्यावर १७ ग्रॅम कुठले दिसायला! चाचांनी शेजारच्या सोनाराचा काटा मागून आणला. एखादा दाणा सुईखाली आला की सुई कडकन मोडायची आणि चाचा कारखान्याच्या मालकाचा उद्धार करायचे. पोर कापड चघळतं म्हणून कडेची शीव दुहेरी मारली आणि वरून काढून धुता येईल अशी सुती खोळ केली.

मध्येच आजोबांचं एक म्हणणं आलं: चारी कोपऱ्यांना बंद लावा, म्हणजे खाटेला बांधता येईल, पोर लाथाडणार नाही. मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, “बंद मी नाही लावत. लाथाडलीच पाहिजे त्यानं.” दुपारी झाकणाचं जे झालं ते आईनं त्यांना सांगितलं होतं.

आता फायदा किती झाला ते. आईला मी रोजची नोंद ठेवायला सांगितली होती. शाळेच्या जुन्या वहीत तिनं झोपेची आणि उठण्याची वेळ लिहिली. वही पाहिली तर एकूण झोप फारशी वाढलेली नव्हती. याचं मला नवल वाटलं नाही. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली ‘पीडियाट्रिक्स’मध्ये आला होता. त्यातही वजनदार रजईनं झोपेचे तास वाढले नव्हते, तरी मुलांना आणि पालकांना साध्या रजईपेक्षा तीच जास्त आवडली होती. इथंही तसंच. पेटीवरच्या थापा कमी झाल्या, झोपायच्या वेळी तो आपणहून रजई ओढत आणतो आणि नको झाली की फेकतो. आईच्या मते एवढंही भरपूर आहे. मी तिच्याशी वाद घातला नाही.

ती सात किलोची रजई मात्र वाया गेली नाही. बापानं एकदा हळूच विचारलं, “मी घेतली तं चालते का?” याचं वजन ६४. हरभऱ्याच्या ओलिताला लाइन रात्रीची, वर रोही आणि डुकरांची राखण, आणि घरी असला त्या रात्रीही डोळ्याला डोळा नाही. घोरतोस का, झोपेत श्वास अडकतो का, दमा आहे का, हे आधी विचारून घेतलं. नाही म्हणाला, बायकोनंही दुजोरा दिला. स्वीडनमध्ये नैराश्य, चिंता असे आजार आणि जोडीला निद्रानाश असलेल्या १२० जणांवर झालेल्या अभ्यासात (२०२०) चार आठवड्यांनी वजनदार रजईवाल्यांची झोप बरीच सुधारली होती. अर्थात, जड रजई अंगावर आहे हे माणसाला कळतंच, तेव्हा त्यात मनाचा भाग किती, हा प्रश्न उरतो. घे म्हटलं. पण रजईनं पीककर्ज फिटत नाही. म्हणून त्याला समुपदेशकांकडेही नेऊन बसवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला. सुरुवातीला छातीवर कोणी बसल्यासारखं वाटायचं म्हणून आता तो ती कमरेपर्यंतच घेतो. उन्हाळ्यात ती पेटीत जाते. पारा ४५ला टेकल्यावर पॉलिएस्टर कोण अंगावर घेणार?

चाचांकडे अधूनमधून अशी ऑर्डर येते. परवा त्यांचा फोन आला. सहा महिन्यांच्या लेकरासाठी कोणी बाई वजनाची रजई मागत होती. तान्ह्या बाळांना कुठलीच वजनदार गोष्ट पांघरू नये, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२२ च्या सूचनांत हे स्पष्ट सांगितलंय, असं मी सुरू केलं.

“ते सांगतलं मी तिले,” चाचा मध्येच म्हणाले. “फोन त्याच्यासाठी नाही केला. तिले साधी गोधडी शिवून देतो म्हनलं, तं रजईचं माप देऊन गोधडीचा भाव पाडून रायली. तुमचं नाव सांगते. वयखीची हाय का तुमच्या?”